शून्य आप्पासाहेबांच्या फाटकाशी

"शून्य किलोमीटर म्हणजे आप्पासाहेबांचं फाटक. का, ते विचारायचं नाही!"

शाळेच्या बस-कमिटीत पहिल्याच दिवशी काणेकाकांनी मला हे बजावलं. मी अर्थातच विचारलं, "का?" काका म्हणाले, "आत्ताच काय सांगितलं?"

कमिटीच्या त्या एका खोलीत मी दोनच वर्षं होते, पण किस्से इतके साठलेत की मैत्रिणी जमल्या की चहा निवतो आणि हे संपत नाहीत. आमची शाळा अंबरनाथची. ती सुरू झाली संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब यांच्या बंगल्यातल्या दोन खोल्यांत. नव्वद सालाच्या आधीच बदलापूरच्या अंगाला नवी इमारत झाली. मुलं गेली, बाकं गेली, घंटासुद्धा गेली. शून्य मात्र बंगल्याच्या फाटकाशीच राहिलं! बसची सगळी अंतरं तिथून मोजायची, आणि बाराव्या किलोमीटरच्या पुढे बस जाणार नाही, हा दुसरा नियम.

चामटोली गाव त्या बाराच्या बाहेर. तिथल्या मुली बदलापूरच्या शेवटच्या स्टॉपपर्यंत रोज चालत यायच्या.

* * *

काणेकाका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेले. अंतर मोजायची त्यांची रीत ठरलेली. भिंतीवर मोठा नकाशा, फाटकावर एक लाल टाचणी, तिला पांढरा दोरा. दोरा रस्त्यावरून वळणावळणाने न्यायचा, मग सरळ करून पट्टीवर मोजायचा.

मग संस्थेने कम्प्युटर घेतला. त्यात नकाशाचं सॉफ्टवेअर. माउसने रस्त्यावर टिक-टिक करत जायचं, खाली अंतर उमटतं. मी भूगोलाची बी.ए., वर कम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

एकदा मी पाणी प्यायला गेले आणि परत येऊन बघते तर काका स्क्रीनवर बेलवलीच्या स्टॉपपर्यंत दोरा लावून बसलेले! मी नीट दिसावं म्हणून नकाशा मोठा करून ठेवला होता.

"अगं," काका घाबरून म्हणाले, "सकाळपासून बेलवली दुप्पट लांब गेली!"

मी नकाशा लहान केला. काकांनी पुन्हा दोरा लावला आणि सुस्कारा सोडला. "आली बाई परत."

* * *

शुक्रवारी आमच्याकडे वीज जायची. एका शुक्रवारी मोरिवलीपासून पुढचा अख्खा रस्ता वळणन् वळण काढून झाला होता, सेव्ह करणार तेवढ्यात स्क्रीन काळी! मी टेबलावर हात आपटला.

काकांनी शांतपणे खिडकी उघडली. बाहेरचा तो औषधासारखा कारखान्यांचा वास आत आला. काका दोरा उलगडत म्हणाले, "ह्याला लोडशेडिंग नाही."

आजही कुठे तो वास आला की मला रागाऐवजी हसू येतं.

* * *

उल्हासनगरचे एक कापडवाले शेठ होते, त्यांची नात आमच्या शाळेत. दोन स्टॉपमध्ये एक किलोमीटर तरी अंतर हवं, असा नियम. शेठना स्टॉप दुकानासमोर हवा होता. मी मोजलं, अंतर कमी भरलं.

"बेटी, मशीन को बोल ना, थोड़ा बढ़ा दे."

"शेठ, मशीन नहीं सुनता."

"अरे, सब सुनते हैं, बोलने का तरीका चाहिए!" शेठनी स्टूल पुढे ओढलं आणि थेट मॉनिटरशी बोलायला लागले. "देख भाई, आधा तू छोड़, आधा मैं छोड़ता हूँ."

मॉनिटर बधला नाही. शेठ उठले, दारात थांबून म्हणाले, "पूरी जिंदगी कम करवाया. पहली बार ज़्यादा माँगा, वो भी नहीं मिला!"

* * *

एकदा चामटोलीच्या हिराबाई आल्या. हातात वालाच्या शेंगांची पिशवी. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "ताई, या पेटीत आमचं गाव हाय का?"

मी दाखवलं. त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. "आनि शाळा?" मी शाळा दाखवली. त्यांनी दुसरं बोट ठेवलं. मधे वीतभरही जागा नव्हती.

"येवढंच? मंग बस का नाय येत?"

मी बाराचा नियम सांगितला. त्या हळूच म्हणाल्या, "सुमी सातवीत हाय. स्टॉपपत्तुर येवढा रस्ता एकली चालते. बस नाय आली तर तिचा बाप औंदा शाळा बंद करनार हाय."

त्या दिवशी मी पहिल्यांदा फाटक सोडून शाळेच्या गेटपासून टिक-टिक सुरू केली. चामटोलीला पोचले. अकराच्या किंचित पुढे.

काणेकाका माझ्या मागेच उभे होते. त्यांनी आकडा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. मग म्हणाले, "मी हे पाहिलेलं नाही."

इतकी चिडले मी! शेंगांची पिशवी हिराबाई माझ्यासाठी ठेवून गेल्या होत्या. ती मी काकांना देणार होते, तर मुद्दाम घरी घेऊन गेले.

* * *

आणि मग ती मीटिंग. नव्या वर्षाचे बसमार्ग ठरायचे होते. सगळी ज्येष्ठ मंडळी खोलीत, आप्पासाहेब मधल्या खुर्चीत.

"चामटोलीचा अर्ज आहे," आप्पासाहेब म्हणाले. "बाराच्या बाहेर आहे ना? प्रिंट काढ. विषय संपला."

"शाळेपासून अकरा आहे, आप्पासाहेब."

"शून्य कुठे असतं, तुला सांगितलेलं नाही का?"

"सांगितलंय."

"मग तिथून मोज."

"नाही मोजणार."

कोणीतरी कुजबुजलं, "आजकालच्या मुली!" आप्पासाहेब मात्र समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ बाळ, शाळा त्या फाटकातून सुरू झाली. आम्ही ते विसरायचं का? नियम आहे तो."

मी प्रिंटरचं बटण बंद केलं.

"ठीक आहे. मग उद्यापासून सगळ्या ड्रायव्हरना सांगते, मुलांना शाळेत नेऊ नका. आप्पासाहेबांच्या फाटकाशी उतरवा. नियम म्हणजे नियम!"

आप्पासाहेबांनी काणेकाकांकडे पाहिलं.

काणेकाका उठले. भिंतीवरच्या नकाशापाशी गेले, लाल टाचणी उपटली आणि दोऱ्यासकट खिशात टाकली.