मथुराबाईचं पथ्य

मथुराबाईला जेवायला बोलावायचं म्हणजे इतवारा मोहल्ल्यातल्या बायकांच्या अंगावर काटा यायचा. वांगं चालत नाही, पेरू चालत नाही, दही नको, आणि कहर म्हणजे केळीबागांच्या बुऱ्हाणपुरात राहून बाईला केळं नको. म्हातारीचे नखरे म्हणून बायका नाक मुरडत. तिला मनापासून चालायचा तो फक्त चहा, आणि त्यात साखर इतकी की पाहणाऱ्याचेच दात दुखावेत.

तसं तिला हौसेनं बोलावतंय कोण? ती पूर्वी दवाखान्यात आया होती. आता डॉक्टरांनी हात टेकले की त्या घरी जाऊन ती आजारी पोराजवळ बसायची. कूस बदलायची, ओठ ओले करायचे, दुखणं थांबायचं औषध वेळेवर द्यायचं आणि पोराच्या आईला घटकाभर निजवायचं, एवढंच तिचं काम. बरं कोणी होत नसे, म्हणून गल्लीला ती अपशकुनी वाटे आणि तिला मागच्या दारानं यायला सांगत. तीही निमूट यायची. पुढच्या दारात समाचाराला आलेल्यांच्या चपलांतून वाट काढण्यापेक्षा ते सोपंच होतं.

छप्पन्न सालच्या नवरात्रात तहसील कचेरीतल्या मधुकरनं तिला बोलावलं. त्याच्या नऊ वर्षांच्या रजनीच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी दुखण्याचं औषध दिलं होतं आणि सांगितलं होतं, आता पोरीला इथे आणू नका, जे मागेल ते खाऊ घाला.

पण पोरीजवळ जायला जागा हवी ना! पायथ्याशी देवराम मास्तर आणि मोतीलाल शेठ ठाण मांडून बसलेले. राजधानी म्हणून नागपूर सुटून भोपाळ मिळणार हे बरं की वाईट, यावर दोघांची रोज जुंपायची, आणि रजनी कण्हली की ते आवाज चढवत. जाताना दोघंही तिच्या गालाला हात लावून सांगत, "महिन्याभरात उड्या मारशील बघ." हे ऐकून तिची आई मालती आत जाऊन रडायची.

रजनीला हवा होता दराबा. बालाजीच्या जत्रेतला, रवा, साखर आणि तूप हातानं फेटून फेटून पांढराशुभ्र केलेला. तीन दिवस ती तेवढंच मागत होती. पण शाहपूरहून आलेल्या तिच्या आत्यानं नवस बोलून ठेवला होता, की पोरगी खडखडीत बरी होईपर्यंत तिच्या जिभेला गोड लागणार नाही. नवस केला आत्यानं आणि तोंड बांधलं पोरीचं. याला माया म्हणायचं असेल तर म्हणा, मला तरी संताप येतो.

मथुराबाईलाही आला. पण तिनं चहाचा पेला हातात धरून शांतपणे विचारलं, "आत्याबाई, नवस दुसऱ्याच्या नावावर करता येते ना?"

"येते की. देवाले सांगून करा लागते," आत्या जरा ऐटीतच म्हणाली. नवसातलं तिला सगळं कळत होतं.

"मंग पोरीच्या बदली कोणी गोड सोडा. पोरगी बरी होईपर्यंतच. महिन्याभराचीच तर गोष्ट आहे."

खोलीत भोपाळसुद्धा गप्प झालं. मोतीलाल शेठचं मिठाईचं दुकान. घाण्याची चव पाहिल्याशिवाय धंदा कसा व्हायचा? देवराम मास्तरांकडे मार्गशीर्षात मुलीचं लग्न होतं. आत्यानं स्वतःचे उपवास मोजून दाखवले. पोरगी महिन्यात उड्या मारणार हे रोज सांगणारी माणसं, पण महिनाभर गोड सोडायला एकही तयार होईना. एकेकानं काढता पाय घेतला.

मधुकर पुढे झाला. "मी सोडतो."

"तुम्ही नाही, भाऊ. पोरगी दराब्याचा पहिला घास तुम्हालेच भरवंल. तवा काय तोंड फिरवान?" मथुराबाईनं अर्धा राहिलेला चहा खाली ठेवला. "माह्या नावावर करा."

रजनी त्यानंतर अकरा दिवस होती. रोज चिमूटभर दराबा खायची, आणि खरोखरच पहिला घास बापाला भरवायची. दुखणं औषधानं आवरलेलं असायचं. मालती तिच्याजवळ निजायची. समाचाराची गर्दी आणखी एखादा नवस आपल्या गळ्यात पडेल या भीतीनं फिरकली नाही.

पंधरवड्यानं मथुराबाई मालतीला भेटायला आली. मधुकरनं स्वतः चहा केला, भरपूर साखर घालून.

"मले बिनसाखरेचा द्या, भाऊ."

"आता कसला नवस, मथुराबाई? पोरगी तर गेली."

"बोली पोरगी बरी होईपर्यंतची व्हती," ती म्हणाली. "ते कुठं बरी झाली?"

मधुकरनं साखरेचा पेला बाजूला सारला. मग त्यानं हळूच विचारलं, "आणि केळं?"

"निंबाच्या भागीचं. सात वर्षांची व्हती. कडूभाऊच्या पोराचं वांगं. दही लोटूच्या धाकटीचं." पेरू तिनं सगळ्यात शेवटी सांगितला. तो तिच्या स्वतःच्या मुलाचा होता.

मधुकरनं दुसरा चहा केला, तिला आणि स्वतःलाही बिनसाखरेचा. तो पिऊन ती सवयीनं मागच्या दाराकडे वळली, तेव्हा त्यानं तिला हाक मारून पुढचं दार उघडलं.