नंदूला पाजलेला तो एक पेग

चंदीगडच्या ट्रायसिटीतल्या मराठी मंडळींनो, आपल्या सगळ्यांची एकच रड असते. इथे आपलं माणूस मिळत नाही.

मिळालं होतं. आपण ते मारलं.

नंदू आज सकाळी गेला. यकृत निकामी झालं होतं. वय बावन्न.

हे वहिनींना विचारून लिहितोय. त्या म्हणाल्या, "लिहा. पण गुळगुळीत लिहू नका."

नाही लिहिणार.

ज्यांना तो माहीत नव्हता त्यांच्यासाठी सांगतो. नंदू अमरावतीचा. नॉलेज सिटीतल्या एका प्रयोगशाळेत यंत्रं सांभाळायचा. आणि अमेरिकन व्हिस्कीतलं त्याला जेवढं कळायचं, तेवढं कळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याच्या घरी टेबलावर दोन ग्लास असायचे. एकात बर्बन, एकात राय. बर्फाला सक्त मनाई.

बर्बन मक्याची, म्हणून गोडसर. व्हॅनिला, किंचित जळलेला गूळ. राय नावाच्या धान्याची ती राय. कोरडी, मिऱ्यासारखी झोंबणारी.

हे झालं माझं पुस्तकी वर्णन. नंदूचं असं:

"बर्बन म्हणजे लाडावलेलं पोट्टं. गोड बोलून काम करून घेते. राय म्हणजे माही सासू. पहिल्याच घोटात काय थे तोंडावर सांगते."

आतून वहिनींचा आवाज: "ऐकू येतंय हं मला!"

सुट्टीवर गावी निघालेला प्रत्येक जण त्याला फोन करायचा. मेव्हण्यासाठी काय नेऊ? सासऱ्यांना काय चालेल? कुठल्या दारूच्या दुकानातून घेऊ?

तो कंटाळायचा नाही. "बर्बन पाहिजे त सेक्टर २२ च्या ठेक्यावर जा, कधीबी भेटते. राय तिथं विचारू बी नको. थे एयरोसिटीकडच्या मोठ्या ठेक्यावर. आधी फोन कर, दोनच बाटल्या येतात. अन् काचेत उन्हात उभी केलेली बाटली घेऊ नको भाऊ, मेलेली असते."

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरने सांगितलं, आता थेंबही नाही.

नंदूने थांबवली. गाजावाजा नाही, व्रत नाही. अकरा महिने.

तरी तो आपल्यात येत राहिला. ग्लास नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा, कुठल्या ग्लासात काय आहे ते अचूक सांगायचा आणि ग्लास पुढे सरकवायचा. "वासावर भागते माह्यं."

मग माझं प्रमोशन झालं. रविवारची दुपार, माझं घर. तुमच्यापैकी नऊ जण होते. कोण ते तुम्हाला माहीत आहे.

नंदूने वास घेतला, फरक सांगितला, ग्लास पुढे सरकवला. कोणीतरी म्हणालं, "घे की यार, एकाने काय होतंय?"

"मले नको."

त्याची मुलगी शेजारीच बसली होती, कॉलेजात जाणारी. मला म्हणाली, "काका, पापा को मत दो ना, प्लीज."

मी हसलो. आणि उभा राहिलो.

गणपतीत, शिवजयंतीला, निरोप समारंभात मीच बोलतो. तुम्हीच बोलायला लावता. त्या दिवशीही बोललो. "ज्या माणसाने आम्हाला चव शिकवली, तो नुसता वास घेणार? मग आम्हीही नाही घेत. ठेवा रे ग्लास खाली सगळे!"

सगळ्यांनी ठेवले.

नंदूने आपल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "एकच हं."

टाळ्या पडल्या.

मुलगी उठून बाहेर गेली.

आपण पंगतीत वाढलेली माणसं. नको म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी टाकायची आणि त्याला प्रेम म्हणायचं. हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढायचं. आग्रह हा आपला दागिना! घरापासून इतक्या लांब येऊनही आपण तो उतरवला नाही. जिलबीवरून तो बाटलीवर आला आणि आपल्याला कळलंही नाही. मला कळायला हवं होतं. मी एवढं वाचतो, जगाला एवढं सुनावतो.

तीन महिन्यांनी नंदू मला सेक्टर २२ च्या ठेक्यावर दिसला. भर दुपारी, कामाच्या दिवशी, एकटा.

मी मूर्खासारखं विचारलं, "काय मग, बर्बन की राय?"

"काहीबी चालते."

खिडकीतल्या माणसाने हाताला लागली ती बाटली दिली. नंदूने लेबलही वाचलं नाही.

त्या क्षणी त्याचा दंड धरायला हवा होता. मी "भेटू" म्हणालो आणि गाडीत बसलो.

डॉक्टर सांगतात, आजार जुना होता, एका पेगने माणूस जात नाही. खरं असेल. पण अकरा महिने जो दरवाजा त्याने एकट्याने दाबून धरला होता, तो उघडला मी. तुम्ही टाळ्या वाजवल्या.

आज दुपारी स्मशानातून परत येईपर्यंत ग्रुपवर मेसेज पडला होता. "रविवारी नंदूच्या नावाने एकेक पेग. राय कोण आणतंय?"

कोणीही आणायची नाही.

नंदू, तुला निरोप द्यायला माझ्याकडे चांगले शब्द पुष्कळ आहेत. आज ते वापरणार नाही. वहिनींनी खांदा देऊ दिला, तेवढ्यावर जा.

आणि तुम्ही. तुमच्याही बैठकीत एक माणूस आहे, ज्याने अलीकडेच "नको" म्हटलं आणि तुम्ही हसत त्याचा ग्लास भरलात. कोण, ते आत्ता आठवलं तुम्हाला.

ही पोस्ट बंद करा. खाली श्रद्धांजली लिहीत बसू नका. त्याला फोन लावा, माफी मागा आणि सांगा की यापुढे माझ्या घरी तू एकदा नको म्हणालास की पुरे.

आत्ता लावा.