मध्यापासून वीतभर डावीकडे

माझ्या मुलाला डाव्या कानाने ऐकू येत नाहीये, आणि तो ते लपवतोय. संध्याकाळपासून हे वाक्य मी मनातल्या मनात खोडून पाहतेय. खोडलं जात नाही. म्हणून मग लिहायलाच बसले.

दुसऱ्या कुणाचा कान असता तर एवढं वाटलं नसतं. याचं पोटच कानावर आहे. अकरा वर्षं तो टीव्हीच्या दुकानात आहे. दुकानातले बाकीचे टीव्ही विकतात, हा आवाज विकतो. हल्लीचे टीव्ही पुठ्ठ्याइतके पातळ, स्पीकर पाठीमागे, आवाज आधी भिंतीला मिळतो आणि उरला तर आपल्याला. लोक वैतागून येतात. गोळीबाराने कानठळ्या बसतात, पण नवरा बायकोला काय म्हणाला ते कळत नाही. मग त्यांना साउंडबार हवा असतो, आणि तो कुठला घ्यायचा हे याला विचारायचं असतं.

हा आधी किंमत विचारत नाही. खोली केवढी? पडदे आहेत? सोफा भिंतीला टेकलाय का? आणि शेवटी, टीव्ही सगळ्यात जास्त कोण बघतं? या शेवटच्या उत्तरावर त्याचा निकाल लागतो. बातम्या बघणाऱ्या आजोबांना तो कधी धडधडणारा बार देणार नाही. एकदा एका तरुणाने सर्वांत दणकट बेसचा हट्ट धरला होता. राहायला होता पातळ भिंतींच्या इमारतीत. हा त्याला म्हणाला, “घ्या की. पैसे तुम्ही द्याल, ऐकतील शेजारी.” तरुण हसला आणि छोटा बार घेऊन गेला.

दुकानात याला कानसेन म्हणतात. त्याची परीक्षा घ्यायची एक पद्धत आहे, आणि त्यात मी आहे. नऊ वर्षांपूर्वी त्याने मला स्वयंपाकघरात उभं करून, नळ आणि पंखा चालू ठेवून, हळू आवाजात सामानाची यादी वाचायला लावली आणि ती फोनवर रेकॉर्ड करून घेतली. “दोन साबण, एक बल्ब, बाबांच्या गोळ्या, पांढरा दोरा.” नवीन बार आला की तो गाणं लावत नाही, मला लावतो. हलक्या बारमध्ये साबण ऐकू येतो, दोरा पाण्यात विरघळतो. दोरा स्वच्छ ऐकू आला तर ‘आई पास’. नाहीतर ‘आई नापास’. मालकसुद्धा फोनवर विचारतात, “नव्या मालात आई किती ठिकाणी पास झाली?” मी पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा कॅशवरची मुलगी उठून उभीच राहिली. “अगंबाई, तुम्हीच का त्या पांढरा दोरा?”

एवढं असून आमच्या घरी साउंडबार नव्हता. दिव्याखाली अंधार. आज रविवार म्हणून दोन खोकी घेऊन तो आला. एक छोटा बार, एक लांबलचक, सोबत बेसचा वेगळा डबा. नेहमीसारख्या खोलीच्या कोपऱ्यांत टाळ्या वाजवून पाहिल्या. मग दोन्हींवर यादी लावली. छोट्यावर माझा नऊ वर्षांपूर्वीचा आवाज इतका साफ आला की मलाच माझा हेवा वाटला. मोठ्यावर साबण गडगडला, गोळ्या घरंगळल्या, दोरा गेला वाहून.

“हा मोठा ठेवू,” तो म्हणाला. “आई पास.”

“अरे, दोरा कुठे ऐकू आला?”

“आला की.”

“मला नाही आला.”

“आई, तुझं आता वय झालं.”

“मलाही नाही आला,” त्याचे बाबा म्हणाले.

“तुमचं तर त्याहून झालं!”

हसलो सगळे. मीही. पण मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि ते काही हसत नव्हतं.

मग बार मांडायची वेळ आली. यात तो फार काटेकोर. गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो, “बार टीव्हीच्या मधोमध हवा, चेहऱ्यावर नाक असतं तसा.” आज तो खुर्चीत बसला, ऐकलं, उठला, बार थोडा डावीकडे सरकवला. परत बसला. परत उठला, आणखी डावीकडे. असं पाच वेळा.

“नाक गालावर चाललंय रे,” त्याचे बाबा म्हणाले.

“खोलीचा दोष आहे. तिकडे खिडकी आहे ना, आवाज सगळा उजवीकडे ओढला जातोय.”

खिडकी बंद होती, आणि तिच्यावर जाड पडदा होता.

चहाला मी त्याच्या डाव्या बाजूला बसले. “अजून अर्धा कप देऊ?” दोनदा विचारलं. तो समोर बघत राहिला. मग कुणाचा तरी फोन आला. हा जन्मभर फोन डाव्या कानाला लावतो, कारण उजवा हात लिहायला मोकळा लागतो. आज उजव्या कानाला लावला, पत्ता लिहायला पेन डाव्या हातात धरलं, दोन अक्षरं खरडली आणि ओशाळं हसून कागद बाबांकडे सरकवला. “बाबा, जरा लिहून घ्या ना.”

निघताना जिन्यात मी त्याला गाठलं. उजव्या बाजूने.

“डाव्या कानाला काय झालंय?”

“दडा बसलाय गं. सर्दीने. बुधवारी सकाळी उठलो तेव्हापासून. सुटेल आपोआप.”

“सर्दी कुठे आहे तुला?”

“होती.”

“डॉक्टरांना दाखव.”

“मंगळवार होऊ दे.”

मंगळवारचं मला ठाऊक होतं. मालक दुसरं दुकान काढताहेत, तिथला आवाजाचा विभाग याच्या हाती द्यायचा म्हणतात. मंगळवारी तीस बार लावून ऐकायचे आणि मालकांसमोर त्यातले बारा निवडायचे.

“आणि आत्ता कळलं की कानसेनाचा कान गेलाय, तर मला काय विकायला ठेवतील? इस्त्र्या?” तो हसला. “हिला काही बोलू नकोस. उगाच घाबरेल.” ही म्हणजे आमची सूनबाई. मी बरं म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

त्याच्या मामाचंही असंच झालं होतं. माझा थोरला भाऊ. एके सकाळी उठला तर डावा कान बंद. दुखणं नाही, सर्दी नाही. कॉलेजात गेलेली घरात मी एकटी, म्हणून त्याने मला विचारलं. मी म्हणाले, “दादा, वाफ घे, चार दिवसांत सुटेल.” त्याने इमानेइतबारे तीन आठवडे वाफ घेतली. चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं की असा कान दर वेळी नुसता बसलेला नसतो, कधी आतली शीर गेलेली असते. पहिल्या काही दिवसांत आलात तर औषधाने परत यायची आशा असते. आता फार काही हातात नाही. दादा मला एका शब्दानेही बोलला नाही. कुठेही गेलो की मला आपल्या उजव्या बाजूला बसवतो, एवढंच.

मुलगा गेल्यावर मी शिवणाची टेप काढली. टीव्हीच्या मध्यापासून बारचा मध्य नऊ इंच डावीकडे होता. चांगली वीतभर. “आवाज कोपऱ्यातून येतोय गं, सरकव तो,” त्याचे बाबा दोनदा म्हणाले. मला हात लावणं झालं नाही. माझा मुलगा जगाला कसं ऐकतोय, ते तिथे मांडून ठेवलेलं होतं.

आता काय करायचं? मालकांना सांगावं तर मंगळवार जाईल. कदाचित ते समजूनही घेतील, पण त्याच्या पोटावर पैज लावणारी मी कोण? सूनबाईला सांगावं तर मी शब्द दिलाय. मंगळवारपर्यंत थांबावं, तर मंगळवारनंतर बुधवारी मालाच्या गाड्या येतील आणि गुरुवारी आणखी काही. दिवस मोजायची बोटं माझ्याकडे दादाच्या वेळीही होती. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, आणि रविवारही तासाभरापूर्वी संपला.

त्यालाच फोन करायचा. आत्ता. सकाळी केला तर तो आंघोळीत असेल, गडबडीत असेल, थट्टेत असेल. अकरा वर्षं गिऱ्हाइकांना हसतहसत आपल्या म्हणण्यावर आणलंय त्याने, मी एक गिऱ्हाईक काय जड आहे? अपरात्री आईचा फोन आला की माणूस आधी घाबरतो. घाबरू दे.

तो फोन उजव्या कानाला लावेल. मी म्हणणार आहे, “डाव्या कानाला लाव.” मग नळ नाही, पंखा नाही, काही नाही, नुसती यादी वाचणार आहे, तेवढ्याच हळू आवाजात, पण नवी, त्याला पाठ नसलेली. आणि शेवटी काय आणायचं होतं ते विचारणार आहे. सांगितलंन तर मी झोपेन. नाही सांगता आलं, तर सकाळी आठ वाजता कानाच्या डॉक्टरांच्या दाराशी आम्ही दोघं उभे असू, मी त्याच्या उजव्या बाजूला.

चष्मा लावलाय. नंबर काढलाय.