म्हशीला पटलेला आवाज

नववीत हजेरीला मी "हजर सर" म्हटलं आणि मागच्या बाकावरून आलं, "बस ताई." त्या वर्षी वर्गातल्या सगळ्या पोरांचे आवाज फुटले होते, आधी चिरके आणि मग जाड. माझा फुटलाच नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी शाळेत परत गेलो नाही. माय म्हणाली, "राहू दे." एवढंच.

भंडाऱ्याकडून इकडं आलो तो कागलच्या एमआयडीसीत कामाला. मशीन चालू असताना ओरडूनच बोलावं लागायचं आणि मी ओरडलो की शेडभर हसू. ते काम सुटलं आणि कोल्हापूरच्या कडेला एका गोठ्यावर लागलो. इथं पहिल्या दिवशीच ठरवलं, तोंड उघडायचं नाही. मान हलवायची, फार तर पुटपुटायचं. मालक लोकांना सांगायचे, "गडी कामाला वाघ हाय, पण मुका हाय का काय कुणास ठावं." त्यांनी राहायला खोली दिली. त्यांच्या घरच्या काकी तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात टाकायच्या. इतकं चांगलं चाललं होतं म्हणूनच जास्त भीती वाटायची. आवाज कळला आणि इथंही हसू झालं, तर आता कुठं जायचं?

गोठ्यातली सगळ्यात दुधाळ म्हैस काकींची, आणि तीच मारकी. काकी, मालक आणि वैरण टाकणारा मी, एवढ्यांनाच ती जवळ येऊ द्यायची. पान्हा मात्र फक्त काकींना. कासेला हात लावायच्या आधी काकी तिच्याशी बोलत बसायच्या, "सोड गं बाई, सोड गं लेकी." रेडकू धरून मी ते रोज ऐकायचो.

गेल्या वर्षी काकींचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. सोबत त्यांची मुलगी दवाखान्यात राहिली. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. त्याच संध्याकाळी म्हशीनं पान्हा चोरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी काकींचं लुगडं अंगाभोवती गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला आणि चरवी मांडीत धरून भरड्या आवाजात म्हणाले, "सोड गं बाई."

चरवी उकिरड्यापर्यंत उडाली.

शेजारचे आबा भिंतीवरून बघत होते. "मिशी काढून बस की लेका! नवरी पसंत न्हाय तिला."

"हसतोस काय? कास बघ, दगड व्हायला लागलीय. आज धार न्हाय निघाली तर सड जातील तिचे. डॉक्टर दुपारशिवाय येत न्हाय."

मालकांनी दवाखान्यात फोन लावला आणि मोबाइल म्हशीच्या कानाशी धरला. पण ऑपरेशनच्या वेळी घशात नळी घातल्यानं काकींचा आवाज बसला होता, मालकांपेक्षाही जाड झाला होता. "सोड गं बाई" ऐकून म्हैस बाजूला सरकली. मग मुलीचा आवाज आला, "पप्पा, तिला बारीक आवाज पायजे. कुणातरी बाईमाणसाला बोलवा की."

शेजारच्या वहिनी आल्या. दारातूनच दोन शब्द बोलल्या, म्हशीनं शिंग हलवलं. "आई गं! मी न्हाय बाबा," म्हणत त्या मागं फिरल्या.

मी दावं धरून उभा होतो. रेडकू ओढ घेत होतं. म्हैस पाय बदलत होती, तिला ठणकत असणार. या गोठ्यात तिच्याजवळ जाऊ शकणारा आणि बारीक आवाजाचा माणूस एकच होता, आणि ते फक्त मला माहीत होतं. वर्ग डोळ्यांपुढं आला. तरी मी बोललो.

"सोड गं बाई." पुढचं काही सुचेना. मग मायचीच बोली तोंडात आली. "सोड वो माय. सोड वो, माही माय."

मालकांची मान गर्रकन वळली. म्हशीनं कान माझ्याकडं केला, मागचे पाय फाकवले आणि रवंथ सुरू केला.

"बस, बस खाली," मालक कुजबुजले. ते कुजबुजू शकतात हे मला तेव्हा कळलं. मी बसलो, बोलत राहिलो. पहिली धार चरवीत वाजली, मग दुसरी, आणि मग फेस काठाला आला.

"आयला, मुकं बोललं!" आबा म्हणाले. "आणि ते बी बाईगत."

"बोलू दे की! तू बस जा तुझा जाड आवाज घेऊन. बघू किती धारा निघत्यात."

मला रडू आलं. मालकांनी तेव्हा लुगडं सोडायला पाठ फिरवली, हे त्यांचे उपकार.

काकी घरी आल्या, घसा सुधारला, तरी धार माझ्याकडंच राहिली. मुलीनं एकदा पुस्तक काढून समजावलं. इतर वानरांपेक्षा माणसात नर-मादीच्या आवाजातलं अंतर जास्त. गड्याचा आवाज जाड का झाला, तर समोरच्या गड्याला आपण दांडगे वाटावं म्हणून, असं बऱ्याच जाणकारांना वाटतं. हात न उगारता निम्मं भांडण जिंकायचं. बायकांना भुरळ पडते म्हणून, असंही काही म्हणतात.

"म्हंजे नुसता दम द्यायला," काकी म्हणाल्या. "म्हशीला कोण दम देतंय?"

मी हसलो. मोठ्यानं. नववीतली पोरंही एकमेकांना दमच देत होती तर.

डॉक्टरकडं शिकून आवाज जाड करता येतो म्हणे. मी गेलो नाही.

संध्याकाळी पेठेतल्या दुधाच्या कट्ट्यावर म्हशी नेतो, तिथं गिऱ्हाइकापुढंच धार काढून ग्लास देतात. पूर्वी तिथं मी खाली मान घालून दावं धरायचो. परवा एक नवा पैलवान ग्लास घेऊन उभा होता. माझा आवाज ऐकून म्हणाला, "काय पावणं, गडी का बाई?"

"म्हशीला इचार," मालक म्हणाले. "तिला कळतंय."

कट्टा हसला. या वेळी मीही त्यात होतो. ग्लास भरला, फेस वर आला, पैलवानानं एका दमात रिकामा केला, मिशी पुसली आणि ग्लास पुन्हा पुढं केला.

मी म्हशीच्या कानाकडं वळलो आणि सगळ्या कट्ट्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "सोड वो माय!"