ताईच्या लग्नातली पंगत

मागच्या महिन्यात एका रविवारी पिंपळगाव राजाला बाबांकडे गेलो. पिशवीत टीव्हीला जोडायचा छोटासा मीडिया प्लेयर होता... फार मोठं काम करतोय अशा ऐटीत मी एसटीतून उतरलो.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून दुपारचं जेवण झालं, की बाबा ताईच्या लग्नाची शूटिंग लावून बसतात. ती मीच कधीतरी कॅसेटवरून जुन्या कॉम्प्युटरमध्ये उतरवली होती आणि तो कॉम्प्युटर टीव्हीला जोडून दिला होता. कॅसेटला पुढे बुरशी लागली म्हणून फेकून दिली.

पण तो कॉम्प्युटर म्हणजे डोक्याला ताप. चालू व्हायलाच दहा मिनिटं, त्यात मधेच अपडेट... मग मेहकरला माझ्या ऑफिसात बाबांचा फोन, "हा पडदा निळा काऊन झाला बे?" मी वैतागायचो, खोटं कशाला बोलू.

म्हणून मी बरेच दिवस तुलना करत बसलो. कॉम्प्युटरमध्ये जागा भरपूर, कुठलीही फाईल चालते, पण कटकट फार. प्लेयरला एक रिमोट, बटण दाबलं की सुरू... फक्त आमची जुनी फाईल तो घेणार नव्हता.

शेवटी प्लेयरच घ्यायचं ठरवलं. दुरुस्तीच्या नावाखाली कॉम्प्युटर मेहकरला आणला आणि फाईल बदलून घेतली. बदलतोच आहे तर नीटनेटकी करू म्हणून सव्वातीन तासांचं लग्न दीड तासात बसवलं. हळद, मंगलाष्टकं, सप्तपदी, पाठवणी ठेवली. वरातीतला नाच कापला, पंगत सगळी कापली. लोक जेवताना कोण बघतं? आम्ही भावंडं तो भाग कायम फॉरवर्डच करायचो.

मग कॉम्प्युटर साफ पुसून एका वाचनालयाला देऊन टाकला. त्याचंही मला कौतुकच वाटलं होतं.

तर त्या रविवारी प्लेयर जोडला. बाबांनी बटण दाबलं आणि लगेच सनई सुरू झाली. मी शाबासकीची वाट बघत होतो... बाबा दीड तास बघत राहिले.

संपल्यावर म्हणाले, "पंगत कुठी गेली?"

"कापली बाबा. उगाच लांबण होती ती."

बाबांनी रिमोट खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "तुही माय त्यातच होती ना बे..."

आमच्याकडे नवरीची आई मंगलाष्टकांना मांडवात उभी राहत नाही, तुळशीपाशी बसते. हळदीला, कन्यादानाला कॅमेरा फक्त ताईवर, आणि पाठवणीत आईचा चेहरा पूर्ण पदरात होता. बाकी दिवसभर ती चुलीपाशी. अख्ख्या लग्नात आई दिसायची ती फक्त पंगतीत, वाढताना.

तिथूनच वाचनालयात फोन केला. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये सगळं नव्याने टाकलं होतं. तरी तो खामगावला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात नेला. त्या माणसाने आठवडाभर खटपट केली, पण काहीच परत आलं नाही.

काल हे सांगायला बाबांकडे गेलो. चांगल्या शिव्या बसतील असं वाटत होतं... बसल्या असत्या तर बरं झालं असतं. बाबा नुसतं "जाऊ दे" म्हणाले आणि मला शेजारी बसवलं. टीव्ही बंदच होता.

"पयले तुही माय वरणाची बादली घेऊन येते," बाबा सांगू लागले. "मंग तुह्या मामापाशी थांबते. तो ताटावर हात आडवा धरते, तरी ते वाढतेच. मंग पदर खोचते, अन् कोनाले तरी आवाज देते, बुंदी आना म्हनून..."

बाबा बराच वेळ सांगत होते. कोण कुणाशेजारी बसलंय, कुणाच्या पानात काय संपलंय, सगळं ओळीने.

"शेवटच्या पंगतीत मी बसेल असतो. मले वाढते अन् हासते... जराकच."

बाबांचे उपकार मी कसे फेडू, कळत नाही. ती शूटिंग मी पन्नास वेळा तरी लावली असेल. आई त्यात हसते, हे मला काल कळलं.