सात घरांची तुती

घस्सानच्या आईनं, म्हणजे विदादनं, चाळीस वर्षांच्या संसारात शेजारी कधी वाटीभर मीठसुद्धा मागितलं नव्हतं. द्यायला हात सढळ. जॅमची बरणी, लोणच्यातले ऑलिव्ह, अंगणातली पुदिन्याची जुडी, काहीही पोचतं करायची. घ्यायची वेळ आली की मात्र आखडायची. आळीला हे ठाऊक होतं, आणि आतल्या आत थोडं बोचतही होतं.

तिच्या दारापुढे, गल्ली वळते तिथे, तुतीचं जुनं झाड आहे. दर वर्षी छाटून छाटून त्याची जणू मूठ झाली आहे आणि त्या मुठीतून सात फांद्या वर आल्या आहेत. थंडी सुरू झाली की विदाद शिडी लावून त्यांच्यावर रंगीत दिव्यांच्या माळा चढवायची. फांदीमागे एक माळ, बल्ब जुने, अक्रोडाएवढे. रंग उडाला की ती त्याला नेलपॉलिश लावायची. एका वर्षी घस्साननं परदेशातून बारीक दिव्यांच्या नव्या माळा पाठवल्या होत्या; पहिल्याच बर्फात त्यातल्या निम्म्या विझल्या. जुन्या बल्बांची पेटी माळ्यावरून परत खाली आली. माळ गुंडाळताना तारेखालून दोन बोटं सहज फिरली पाहिजेत, एवढी ती सैल ठेवायची. "झाडही अंगानं भरतं. बांगडी रुतायला नको," म्हणायची.

हे दिवे पहिल्यांदा लागत ते संत बार्बाराच्या संध्याकाळी. त्या दिवशी मुखवटे घालून लहानथोर दारोदार फिरतात आणि शेवटी तुतीखाली थांबून विदादच्या पातेल्यातले गोड गहू खातात. एकतीस वर्षं हे चुकलं नव्हतं.

या वर्षी चुकायची वेळ आली. सरकारी वीज आळीत पाहुण्यासारखी येते. घरं चालतात ती जनरेटरवाल्याच्या तारेवर. त्यानं प्रत्येक घराचे दहा अँपिअर होते ते पाचावर आणले. म्हणजे गीझर लावला तर फ्रिज बंद, इस्त्री काढली तर दोन्ही बंद. हिशेब चुकला की त्या घराचा खटका पडतो. सगळ्यांचे खटके तुतीजवळच्या खांबावरच्या पेटीत, त्यामुळे ज्याचा पडेल त्यानं सपाता फटफटवत गारठ्यात बाहेर यायचं.

सणाच्या आठवडाभर आधी विदादनं झाडावरचे दिवे लावून पाहिले. तिकडे नख्लेनं, तिच्या नवऱ्यानं, गीझर चालू केला. अंधार. तिसऱ्यांदा खटका वर करून तो आत आला तेव्हा त्याचे गुडघे कुरकुरत होते.

"झाडाला उजेड आणि मला गार पाणी," तो म्हणाला. "या वर्षी राहू दे ना, बाई."

विदाद बटाटे सोलत राहिली. सालीबरोबर अर्धा बटाटा जात होता, यावरूनच त्यानं ओळखलं की डोक्यात काहीतरी शिजतंय.

दुसऱ्या दिवशी ती समोरच्या अफीफकडे गेली. अफीफ ट्रक चालवून निवृत्त झालेला, बायको वारलेली, जिभेला धार. त्यानं कॉफी ठेवली, तब्येत विचारली, मुलाची चौकशी केली आणि मग तिच्या तोंडाकडे बघत बसला. विदादनं कपातला गाळ दोनदा फिरवला.

"एक फांदी हवी होती," ती शेवटी म्हणाली.

"कसली?"

"म्हणजे फांदी माझीच. वीज तुमची. प्रत्येक घरानं एकेक फांदी घेतली तर कोणालाच जड नाही."

"मला जरा ऐकायला कमी येतं, घस्सानच्या आई. पहिलं काय म्हणालात?"

"हवी होती, म्हणाले."

"हां. ऐकलं." त्यानं मिशी पुसली. "आमच्या अब्लाला वाटायचं, तुम्हाला हा शब्दच येत नाही. ती असती तर आज आळीभर बकलावा वाटला असता तिनं."

विदादचे कान तापले, पण पहिली फांदी मिळाली. पुढची दारं सोपी गेली. शेजारच्या ओडेतनं तर दार उघडायच्या आधीच हो म्हटलं. दोन दिवसांत सहा खिडक्यांतून सहा वायरी तुतीकडे निघाल्या, सातवी तिची स्वतःची.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. फांदी विझली की घर कळायचं. रंगीत तालमीच्या संध्याकाळी डावीकडची फांदी गेली तशी कोणीतरी म्हणालं, "ओडेतनं इस्त्री काढली. उद्या कुठे निघाली?" वरची गेली तर, "अफीफ आंघोळ करतोय. कॅलेंडर बघा रे." ज्याचा खटका पडे तो सपाता घालून झाडाखाली येई, चार टोमणे खाई आणि गप्पांना थांबे. थंडीतल्या बंद दारांच्या त्या दिवसांत तुतीखाली रोज संध्याकाळी पाचसहा माणसं उभी असायची. विदादनं सगळ्यांना बजावलं, "सणाच्या दिवशी सहा ते सात कोणी काही लावायचं नाही. इस्त्री नाही, गीझर नाही."

सणाच्या संध्याकाळी मुखवट्यांची मिरवणूक वळणावर आली, तेव्हा सहा फांद्या लखलखत होत्या. सातवी काळीठिक्कर. सगळ्यांची डोकी झाडाकडून विदादच्या घराकडे वळली.

"घस्सानच्या आई," मिशांवर मेंढीचा मुखवटा चढवलेला अफीफ म्हणाला, "तुमच्याकडे कोण न्हातंय?"

ती आत धावली. न्हाणीघरात नख्ले डोक्याला साबण लावून अंधारात उभा. सकाळपासून त्यानं खुर्च्या वाहिल्या होत्या, पाठ धरली होती.

"पाचच मिनिटं," तो आतून म्हणाला. "मला वाटलं, एका फांदीनं काय होतंय."

विदाद बाहेर आली. गीझर बंद ठेवून खटका वर करायचा, म्हणजे दिवे लागतील आणि नख्ले कुडकुडेल. तिचा हात पेटीपर्यंत गेला.

"थांबा," अफीफ म्हणाला. "माणसाला नीट न्हाऊ द्या. तुमची माळ माझ्या वायरीला जोडतो. माझ्याकडे नुसता रेडिओ चालू आहे."

'नको, होईल आमचं आमचं,' हे शब्द तिच्या ओठांवर आलेच होते. इतक्या वर्षांची सवय. तिनं अफीफकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं आणि पिन काढून त्याच्या हातात दिली.

"जोडा," ती म्हणाली. "आणि उद्याही राहू दे तशीच. मला मशीनमध्ये पांघरुणं धुवायचीत."

"मी एका फांदीला हो म्हटलं होतं."

"तेव्हा मला मागता येत नव्हतं," विदाद म्हणाली, आणि खटका वर करून गहू वाढायला गेली.