दोन वायरी आणि म्हात्रेदादा

आमच्या गोदामातले किस्से सगळे सर्व्हर रूममध्ये साचतात. कारण साधं आहे. मानकोलीच्या त्या अवाढव्य शेडमध्ये एसी फक्त तिथेच आहे. कुणी पेन शोधायला येतं, कुणी नुसतं भिंतीला टेकायला, आणि जाताना काहीतरी करून जातं. ते निस्तरायला मी. रोज खारबावहून येतो आणि नेटवर्क सांभाळतो. निदान ऑफर लेटरमध्ये तसं लिहिलंय.

* * *

जॉइन झालो त्याच दिवशी आमच्या मॅनेजर करंदीकर मॅडमनी सांगून टाकलं होतं. सहा महिन्यांनी ज्यांचा माल आपण ठेवतो त्यांचा माणूस तपासणीला येणार, एक वायर काढायला लावणार. काम थांबलं नाही तर मी पर्मनंट, थांबलं तर घरी.

मी त्यांना जमेल तसं समजावलं. दोन फायरवॉल आहेत, म्हणजे गोदामाचं सगळं नेटवर्क ज्यातून जातं ते डबे; एक खाली सर्व्हर रूममध्ये, एक माळ्यावर. एक काम करतो, दुसरा तयारीत बसून राहतो. दुसरा जिवंत आहे हे एकमेकांना कळावं म्हणून मध्ये कंट्रोलची वायर. ती तुटली की दोघांनाही वाटतं, दुसरा गेला. मग दोघंही एकदम कामावर तुटून पडतात आणि सगळंच ठप्प. म्हणून जोडीला दुसरी वायर.

"आणि दुसरीही तुटली तर?"

"मग ठप्पच, मॅडम."

"मग तिसरी का नाही टाकत?"



* * *

म्हात्रेदादा आमचे इलेक्ट्रिशियन. गोदाम उभं आहे ती जमीन त्यांच्या भावकीची, त्यामुळे त्यांच्यावर आवाज चढवायची कुणाची टाप नाही. दोन वायरी मुद्दाम वेगळ्या वाटेनं न्या, असं मी त्यांना सांगितलं होतं. एक छताखालून, एक भिंतीच्या कडेनं.

दादांनी दोन्ही एकाच पाइपात घातल्या. काम मात्र इतकं देखणं, की मीही कौतुक केलं. आठव्या दिवशी फोर्कलिफ्टनं तो पाइप चेपला. दोन्ही वायरी एकदम गेल्या, दोन्ही फायरवॉल मालक झाले, आणि चाळीस टेबलांवरचे स्कॅनर गप्प!

दादांनी चेपलेला पाइप उचलून पाहिला आणि म्हणाले, "भाऊ-भाऊ हायत, येगळं कशाला राहाचं?"

* * *

नंतर वायरी वेगळ्या झाल्या. ओळखायला सोपं जावं म्हणून मी स्वतः चिठ्ठ्या लावल्या. एकीवर 'चालू', दुसरीवर 'स्पेअर'. हे डोकं माझं, दादांना बोल लावता येणार नाही.

पंधरवड्यानं बघतो तर दुसरी वायर गायब. वॉचमन यादवजींनी मागच्या अंगणात दोरी म्हणून बांधली होती आणि तिच्यावर युनिफॉर्म वाळत होता. विचारलं तर मलाच समजावायला लागले, "साहब, स्पेअर लिखा था. काम का होता तो आप लिखते नहीं?"

वायर सोडवून परत लावली आणि 'स्पेअर'ची चिठ्ठी फाडून टाकली.

* * *

आता तपासणीचं. खंडेनवमीला दादांनी दोन्ही फायरवॉलची पूजा केली. हळदकुंकू, आणि झेंडूचे एवढे जाड हार की एकही दिवा दिसेना. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी तपासणीचे साहेब हजर! मी खालचा हार काढायला गेलो तर म्हणाले, राहू द्या, देवाचं आहे.

ते मॅडमबरोबर स्कॅनरच्या टेबलांपाशी उभे राहिले आणि फोनवर म्हणाले, एक वायर काढा. एसीत मला घाम फुटला होता. हाराच्या मागे हात घातला आणि ओढली.

हातात दोन आल्या. कंट्रोलच्या दोन्ही.

झालं, संपलं, असं म्हणून मी डोळे मिटले. बाहेर आरडाओरडा होईल म्हणून वाट पाहिली. स्कॅनर टीकटीक करतच होते. फोनवर साहेब म्हणाले, "उत्तम. एक सेकंदही थांबलं नाही." मागून मॅडमचा आवाज आला, पेढे आणा.

आनंद झाला, खरंच झाला. पण हे होऊच कसं शकतं, ते काही केल्या कळेना. दोन्ही वायरी तशाच सोडून जिना चढून माळ्यावर गेलो. दादा दुसऱ्या फायरवॉलचा सुकलेला हार उतरवत होते. त्यांना सगळं सांगितलं.

"हा तर नवमीपासना बंद हाय," दादा म्हणाले. "सनाला हत्याराला आराम द्याचा असतो. खालचा काम करीत व्हता, म्हनून याला झोपवला. आता करू का चालू?"